गाडीच्या स्टिरिओत फोनची टरटर: बिघाड स्टिरिओचा नसतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गाडीत गाणं चालू असताना स्पीकरमधून अचानक टिक टिक टिक टर्रर्र असा आवाज येतो आणि दोन-तीन सेकंदांनी फोन वाजतो, हे ज्यांनी ऐकलंय त्यांच्यासाठी हे पत्र लिहितोय. आमच्या गाडीत हे खूप दिवस चाललं होतं आणि माझं लक्षही गेलं नसतं, पण माझे वडील कानाला मशीन लावतात आणि पुढच्या सीटवर बसले की तोच आवाज त्यांना मशीनमध्येही यायचा, एकदम मोठ्याने. ते दचकून कानावर हात ठेवायचे आणि मग प्रवासभर मशीन काढूनच बसायचे. म्हणजे गाणी नाहीत, आमच्या गप्पा नाहीत, नुसतं खिडकीबाहेर बघत बसायचं. मला ते बघवेना म्हणून मी याच्या मागे लागलो.

आधी एका ठिकाणी दाखवलं तर स्टिरिओ खराब झालाय, बदला असं सांगितलं. बदलला. नव्यातही तसाच आवाज. मग स्पीकर बदला म्हणाले. तेव्हा मात्र थांबलो आणि स्वतः वाचायला, करून बघायला लागलो. कळलं ते असं की बिघाड कशातच नव्हता, फोन फक्त चुकीच्या जागी ठेवलेला होता.

टूजीवर, म्हणजे जुन्या प्रकारच्या नेटवर्कवर, असताना फोन सलग बोलत नाही, तुकड्या-तुकड्यांत बोलतो. एकाच चॅनेलवर 8 फोन आळीपाळीने बोलतात म्हणून प्रत्येकाला साधारण 4.6 मिलिसेकंदांतून एकदा पाळी मिळते आणि तीही जेमतेम अर्ध्या मिलिसेकंदाची. हे सेकंदाला 217 वेळा होतं, आणि 217 हर्ट्झ म्हणजे आपल्या कानाला अगदी सहज ऐकू येणारा आवाज. फोनच्या लहरी तशा 900 किंवा 1800 मेगाहर्ट्झच्या, त्या आपल्याला कधीच ऐकू येणार नाहीत, पण फोनमधलं गाणं स्टिरिओत नेणारी ऑक्सची वायर त्या अँटेनासारख्या पकडते आणि स्टिरिओच्या आतलं ॲम्प्लिफायरचं, म्हणजे आवाज मोठा करणारं, सर्किट त्यातली फक्त चालू-बंद चालू-बंद एवढी लय वेगळी काढून स्पीकरला देतं. 900 मेगाहर्ट्झला 8 सेंटिमीटरची तारसुद्धा चांगली अँटेना होते, गाडीत तर मीटरभर वायर लोंबकळत असते.

रिंग यायच्या आधी आवाज का येतो तेही यातच आलं. टॉवरने हाक मारली की फोन आधी उत्तर देतो आणि मगच वाजतो. कधीकधी कॉलच नसतो तरी टरटरतं, तेव्हा फोन टॉवरला आपण कुठे आहोत ते कळवत असतो. थ्रीजी-फोरजीवर ही लय अशी ठळक नसते म्हणून त्रास कमी, पण रेंज गेली आणि फोन टूजीवर उतरला की आवाज परत सुरू, आणि रेंज कमी असेल तेव्हा फोन जास्त जोर लावतो, 900 च्या बँडवर 2 वॉटपर्यंत. म्हणून मोकळ्या रस्त्यावर, टॉवर लांब असताना त्रास जास्त होतो.

तर पहिला उपाय फुकटचा आहे, फोन लांब ठेवा. स्टिरिओच्या खालच्या खणात, गिअरपाशी, स्पीकरच्या जाळीवर किंवा वायरींच्या गुंत्यात ठेवू नका. दोन फूट लांब केला तरी जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आम्ही फोन मागच्या सीटच्या कप्प्यात टाकला आणि त्याच दिवशी ऐंशी टक्के आवाज गेला असं मी म्हणेन, अर्थात हा कानाचा अंदाज, मोजलेलं नाही. गाणी ब्लूटूथवरून लावली तर ऑक्सची वायरच मधून जाते, ते तर सगळ्यात चांगलं.

पण ज्यांच्या स्टिरिओला ब्लूटूथ नाही त्यांनी ऑक्सची केबल जेवढी लागेल तेवढीच लांब घ्यावी, शिल्डवाली, म्हणजे आतल्या तारांवर धातूचं आवरण असलेली, घ्यावी, आणि तिच्यावर फेराइटची क्लिप लावावी. लॅपटॉपच्या किंवा मॉनिटरच्या वायरीला टोकाशी एक जाड काळा गठ्ठा असतो बघा, तेच ते. दोन भागांत उघडणारी क्लिप मिळते, वायरीवर चटकन बसते. ती फोनच्या टोकाला नाही तर स्टिरिओच्या टोकाला लावायची, म्हणजे वायरीत जे काही शिरलंय ते आत जायच्या आधी तिथेच अडतं. मी आधी उलट लावली होती आणि फरक पडत नाही म्हणून काढून टाकणार होतो.

एक गोष्ट कृपया करू नका, फोनला ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळू नका. फोनला टॉवर दिसेनासा झाला की तो अजून जोर लावतो, बॅटरी तापते, आणि आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकतो.

आता खरा घोळ. गाडीत फोनमुळे येणारे आवाज एक नाही तीन आहेत आणि लोक तिघांनाही खरखर म्हणतात, मग एकाचं औषध दुसऱ्याला देतात. टरटर आपण वर बघितली. दुसरी शिट्टी, फोन चार्जिंगला आणि ऑक्सला एकाच वेळी लावला की कुंई असा बारीक आवाज येतो आणि ॲक्सिलरेटर दाबला की तो चढत जातो. ती फोनच्या लहरींमुळे नसते, ती अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राची. चार्जरचं निगेटिव्ह आणि ऑक्सचं निगेटिव्ह असे ग्राउंडकडे, म्हणजे गाडीच्या पत्र्याकडे, जाणारे दोन रस्ते तयार होतात, याला ग्राउंड लूप म्हणतात. चार्जर उपटून बघा, शिट्टी लगेच बंद झाली तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी ऑक्सच्या वायरीत मधे लावायची, तिच्यात दोन बारीक ट्रान्सफॉर्मर असतात. हलक्या दर्जाची घेतली तर गाण्यातला बेस थोडा जातो. आणि ही डबी टरटरीसाठी घेऊ नका, तिथे तिचा उपयोग नाही.

तिसरी एफएमची फसफस, ही फक्त रेडिओवर येते, त्यातही लांबच्या स्टेशनवर. दोषी बहुतेक वेळा चार्जर असतो. तो 12 व्होल्टचे 5 व्होल्ट करताना सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो आणि नीट फिल्टर नसेल तर त्याचा कचरा थेट 88 ते 108 मेगाहर्ट्झमध्ये पडतो. एखादं अंधुक स्टेशन लावा, चार्जर काढा, परत लावा, दोन मिनिटांत कळतं. डॅशकॅमच्या वायरीचंही असंच करून बघा, ती अँटेनाजवळून गेली असेल तर हमखास त्रास देते.

एवढी परीक्षा करायला पैसे लागत नाहीत. फोन एरोप्लेन मोडवर टाकला आणि आवाज गेला तर टरटर, चार्जर काढल्यावर गेला तर दुसरा किंवा तिसरा प्रकार, आणि कशानेच गेला नाही तरच गाडीचं वायरिंग उघडायचं. ॲम्प्लिफायर वेगळा बसवलेला असेल तर सिग्नलची वायर आणि बॅटरीची जाड वायर एकाच बाजूने ओढलीय का तेही बघून घ्या.

म्हणून आपल्या दैनिकातून माझी विनंती आहे. स्टिरिओ बसवणाऱ्यांनी गिऱ्हाईकाला नवा सेट विकायच्या आधी ही दहा मिनिटांची परीक्षा त्याच्यासमोर करून दाखवावी. आणि स्टिरिओच्या पुस्तिकेत ब्लूटूथ कसं जोडायचं याची पानंच्या पानं असतात, त्यात फोन कुठे ठेवू नये याच्याही दोन ओळी छापल्या तर माझ्यासारख्यांचे एका सेटचे पैसे वाचले असते.

ज्यांच्या घरी कानाला मशीन लावणारं कुणी आहे त्यांना मात्र वेगळं सांगतो. नवा फोन घ्यायच्या आधी तो त्यांच्या मशीनजवळ धरून एक कॉल करून बघा. बऱ्याच जुन्या फोनच्या माहितीत एम3, टी4 असं काहीतरी लिहिलेलं असायचं, ते याचंच मानांकन, आकडा मोठा तेवढा त्रास कमी. आणि गाडीत पुढे त्यांच्या शेजारी बसताना आपला फोन त्यांच्याकडच्या खिशात ठेवू नका. माझे वडील आता प्रवासात मशीन काढत नाहीत, मागच्या रविवारी तर त्यांनीच सांगितलं की आवाज जरा वाढव.

आपला,
एक वाचक