देव मात्र गावचाच

महोदय,

इंग्लंडमध्ये, विशेषतः लिंकनशायरच्या शेतांत, रोमन काळातल्या चांदीच्या कितीतरी अंगठ्या सापडल्या आहेत. माथ्यावर तीनच अक्षरे : टी, ओ, टी. हे तौतातिस या देवाचे, म्हणजे रोमनांआधीपासून तिथे राहणाऱ्या केल्ट लोकांच्या देवाचे नाव असावे, असा तर्क होता. २००५ मध्ये इंग्लंडमधल्याच हॉक्लिफ गावी सापडलेल्या अंगठीवर ‘देओ तोता’ (तौतातिस देवाला) आणि ‘उतेरे फेलिक्स’ (सुखाने वापर) असे निघाले आणि तर्काला पुरावा मिळाला. राजवट रोमन, भाषा लॅटिन, देव मात्र गावचाच!

संग्रहालयांनी अशा वस्तूंखाली ‘अंगठी, चांदी, रोमन’ एवढेच लिहून मोकळे होऊ नये. मजकूर आणि अर्थ द्यावा, शेजारी भिंग ठेवावे. परवा एका संग्रहालयात काचेला नाक टेकवूनही मला अंगठीवरचे एक अक्षर लागले नाही.

— एक वाचक