शाईच्या बाटलीवर एवढे तरी छापा

महोदय,

फाउंटन पेनला पुन्हा बरे दिवस आले आहेत. अप्पा बळवंत चौकात पूर्वी शाई मागितली की काळी, निळी आणि फार तर मास्तरांची लाल मिळायची. आता शेवाळी, तपकिरी, वांगी रंगाच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या दिसतात. त्यातलीच एक निळसर राखाडी मी नुकतीच आणली. रंग देखणा आहे, वादच नाही. ओली असताना गडद निळी दिसते आणि वाळली की पाटी पुसल्यावर सुकत येताना दिसते तशी. मला मोडी लिहायची हौस आहे. मोडीत हात फारसा उचलावा लागत नाही, त्यामुळे ओढ लांब असेल तिथे रंग फिकट आणि हात घुटमळला तिथे दाट, हे जाड निबेने फार छान उमटते.

तक्रार रंगाची नाही, बाटलीची आहे. ही शाई पाण्याला टिकते की धुऊन जाते, याबद्दल तिच्यावर एक अक्षर नाही. पार्करच्या जुन्या क्विंक शाईच्या बाटलीवर ‘परमनंट’ की ‘वॉशेबल’ हे स्पष्ट छापलेले असे. शाळकरी पोराचा सदरा वाचवायचा की दस्तऐवज, ते बघून माणूस बाटली उचलत असे.

माझी नोकरी बँकेत, तीही बरीचशी क्लिअरिंगमध्ये, म्हणजे बँकांमधल्या चेकच्या देवाणघेवाणीत गेली. संशय घेण्याची खोड त्यामुळे काही सुटत नाही. घरीच परीक्षा घेतली. पाकिटावर पत्ता लिहिला, दुसऱ्या दिवशी त्यावर पाण्याचा थेंब सोडला आणि टिपकागद दाबला. निळा रंग टिपकागदावर आला, पाकिटावर पुसट राखी रेघ राहिली. पिनकोड मला वाचता आला, कारण तो माझाच होता. ओल्या टिपकागदावर शाईचा ठिपका टाकला, तर मधे गुलाबी आणि कडेने आकाशी कडे पसरले. म्हणजे हा राखाडी रंग दोन-तीन रंगद्रव्ये मिसळून केलेला. त्यातले जे पाण्यात लवकर सुटते ते आधी पळते. पुण्याच्या जुलैत अशा शाईने पत्ता लिहिलेले पाकीट पोस्टमनच्या हाती द्यायचे म्हणजे कठीणच.

चेकचे म्हणाल, तर अमुकच रंगाची शाई वापरा असे रिझर्व्ह बँक सांगत नाही. काळ्या शाईवर बंदी आल्याची जी बातमी २०२५च्या जानेवारीत सगळीकडे फिरत होती, ती केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने (पीआयबी) खोटी ठरवली. पण आता क्लिअरिंगला चेक जात नाही, त्याची प्रतिमा जाते, करड्या छटांतली आणि निव्वळ काळी-पांढरीसुद्धा. म्हणून गडद शाई वापरा असे सांगतात. ही फिकट राखाडी तिथे कामाची नाही.

पूर्वीच्या लोकांना हे कळत होते. काजळ आणि डिंकाची शाई होती, हिरडा आणि हिराकसाचीही होती. हिरड्यातले टॅनिन हिराकसातल्या लोहाशी संयोग पावते आणि कागदाच्या धाग्यांतच काळे होऊन बसते. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातला हिरडा आहे हा, परदेशातून आणायला नको. पेशवे दप्तरातले कागद आजही वाचता येतात. अर्थात लोहाची शाई पेनात वाळू दिली तर पेनाची वाट लागते, हेही खरे.

रोजनिशीला, शुभेच्छापत्राला धुऊन जाणारी शाई चालेलच की! मीही ही बाटली संपवणार आहे. पण गिऱ्हाइकाला घेण्याआधी कळू द्या. ‘पाण्याने जाते’ किंवा ‘पाण्याला टिकते’, दोन शब्दांचे काम. जागा नाही ही सबब ऐकून घेणार नाही. माझ्या बाटलीच्या खोक्यावर धुके, सांज आणि समुद्र यांचे पाच ओळी इंग्रजी वर्णन आहे, त्यातली एक ओळ काढली की भागेल.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, शनिवार पेठ, पुणे