काका, उणे पाच व्होल्ट परत आणल्याबद्दल

कोल्हापूर

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

आमचा डीबी स्पेक्ट्रम प्लस हा जुना घरगुती संगणक तुमच्या टेबलावरून जिवंत होऊन परत आला. त्याबद्दल हे आभाराचं पत्र, आणि तेही अनावृत. आपल्या भागात माळ्यावर असं एखादं मशीन गुंडाळून ठेवलेलं असेल, तर ते खाली काढणाऱ्याला तुमच्या कामाचा क्रम कळायला हवा. मशीन वाचलं ते त्या क्रमामुळं. तुमचं नाव इथं मुद्दाम घातलेलं नाही. शाहूपुरीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीला नेणाऱ्यांना ते सांगावं लागणार नाही.

मशिनाची ओळख थोडक्यात. सिंक्लेअर कंपनीनं २३ एप्रिल १९८२ ला झेडएक्स स्पेक्ट्रम जाहीर केला. १९८४ मध्ये टणक कळांचा प्लस आला, आणि त्याच दशकात पुढं डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन तोच भारतात 'डीबी स्पेक्ट्रम' म्हणून विकला. आत ३.५ मेगाहर्ट्झचा झेड-८०ए प्रोसेसर, १६ केबी रॉम (कायमची स्मृती) आणि ४८ केबी रॅम (तात्पुरती स्मृती). बटण दाबलं की दोन-तीन सेकंदांत बेसिक ही प्रोग्रॅमची भाषा हजर. पी दाबला की 'प्रिंट' उमटतं, जे दाबला की 'लोड'. हे सगळं आता मोबाईलवरही चालवता येतं. तरी या मशिनावर जीव जडतो त्याला कारण आहे: याच्या बोर्डवरचा प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, मीटरनं मोजता येतो, आणि तो का आहे हे एका माणसाला पूर्ण समजू शकतं. तुम्ही त्याला तसंच वागवलंत. आत नवा बोर्ड बसवून जुनं कवच तेवढं ठेवायचा विषयसुद्धा काढला नाहीत.

आता मूळ मुद्दा. पडद्यावर रंगीत चौकटी आणि उभ्या रेघा, कडेची पट्टी पांढरी. हे दिसलं की बहुतेक जण रॅम गेली म्हणतात आणि रॅमच्या चिपा मागवतात. तुम्ही पांढऱ्या कडेकडं आधी बोट दाखवलंत. रॉममधल्या अगदी पहिल्या सूचनांपैकी एक कड पांढरी करण्याची असते, तेव्हा प्रोसेसर निदान तिथवर चालला असणार. मग आयसींना, म्हणजे चिपांना, हात न लावता तुम्ही वीज मोजायला घेतलीत.

अडॅप्टरपासून सुरुवात. याला ९ व्होल्ट डीसी लागतात, १.४ अँपिअरपर्यंत, आणि पिनच्या मधोमध उणे असतं. बाजारातल्या बहुतेक अडॅप्टरना मधे अधिक असतं. तसला लावला की मशीन संपलं. जुना मूळ अडॅप्टर रेग्युलेटेड नाही, म्हणजे व्होल्ट स्थिर ठेवत नाही, त्यामुळं भार नसताना मीटरवर १२-१३ व्होल्ट दिसतात. तेवढ्यावरून तो खराब ठरवून फेकून देऊ नये.

बोर्डावर ७८०५ रेग्युलेटर या ९ चे ५ व्होल्ट करतो. ०.७ अँपिअर धरले तरी तो सुमारे ३ वॅट नुसती उष्णता करून टाकतो, म्हणून त्याच्या अॅल्युमिनियमच्या पट्टीखालची वाळलेली पेस्ट काढून नवी लावणं हे पहिलं काम. तुम्ही मूळ ७८०५ ठेवलात. स्विचिंग जातीचा बदली भाग लावला तर आतली गरमी बरीच कमी होते आणि त्यालाही आमची ना नाही, पण जो भाग नीट ५ व्होल्ट देतो आहे तो काढू नये हा तुमचा आग्रह आम्हाला पटला.

खरी गोम त्याच्या पुढं होती. खालची १६ केबी रॅम म्हणजे ४११६ जातीच्या आठ चिपा, आयसी ६ ते आयसी १३. या चिपेला तीन वेगवेगळे व्होल्ट लागतात: पिन १ वर उणे ५, पिन ८ वर अधिक १२, पिन ९ वर अधिक ५, आणि पिन १६ ग्राउंड. अडॅप्टर तर ९ च देतो. म्हणून १२ आणि उणे ५ बोर्डवरच तयार होतात. एक छोटी कॉइल आणि टीआर ४, टीआर ५ हे दोन ट्रान्झिस्टर मिळून ते काम करतात. टीआर ४ हा झेडटीएक्स ६५०, टीआर ५ हा झेडटीएक्स २१३. आपल्या मशिनात पिन ८ वर १२ च्या जागी जेमतेम ५ व्होल्ट होते आणि पिन १ वर शून्याच्या आसपास. टीआर ४ गेलेला.

इथं घाई केली की पैसे आणि चिपा दोन्ही जातात. ४११६ च्या सब्स्ट्रेटला, म्हणजे चिपेच्या सिलिकॉनच्या पायाला, उणे ५ चा दाब कायम हवा. तो सर्वांत आधी यायला हवा आणि सर्वांत शेवटी जायला हवा. तो नसताना १२ व्होल्ट पोचले तर चिपेतून भलताच प्रवाह वाहतो आणि ती जळते. उलट बाजूनं, एखादी ४११६ आतून शॉर्ट झाली तर ती १२ ची लाईन खाली ओढते आणि तो भार टीआर ४ ला मारतो. म्हणजे ट्रान्झिस्टर गेला की रॅम जाते, रॅम गेली की ट्रान्झिस्टर जातो. नुसता ट्रान्झिस्टर बदलला तर शॉर्ट चिप त्याला पुन्हा खाते. नुसत्या चिपा बदलल्या तर उणे ५ नसल्यानं नव्या चिपाही जळतात. पहिलं कोण गेलं हे शोधत बसण्यात अर्थ नाही. दोन्ही बाजू मोकळ्या झाल्याची खात्री होईपर्यंत अडॅप्टर जोडायचाच नाही.

तुम्ही ती खात्री वीज न लावता केलीत. टीआर ४ काढला, मग १२ ची लाईन आणि ग्राउंड यांच्यात ओहम मोजले, तसेच उणे ५ आणि ग्राउंड यांच्यात. आकडा काही ओहमांवर आला म्हणजे एखादी चिप शॉर्ट. ती चिप काढली आणि आकडा वर गेला. मग टीआर ४. जागेवर मिळणारा कुठलाही लहान ट्रान्झिस्टर इथं चालत नाही. बीसी ५४७ हा १०० मिलिअँपिअरचा, झेडटीएक्स ६५० हा २ अँपिअरचा. आकार जवळपास सारखा म्हणून फसायचं नाही, आणि बदली भाग लावताना पायांचा क्रम डेटाशीटवर पाहूनच लावायचा.

कॉइलचं वार्निश काळं पडलेलं होतं. ती उलगडताना तुम्ही प्रत्येक वेढा मोजलात, त्याच जाडीची एनॅमलची तार घेतलीत, आणि दोन्ही वाइंडिंगची दिशा कागदावर काढून ठेवलीत. दिशा उलटली तर हे सर्किट हेलकावायलाच लागत नाही, मग १२ ही नाहीत आणि उणे ५ ही नाहीत. उद्यमनगरात मोटारी भरणारे हात या शहरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण नखाएवढ्या कॉइलला तेवढाच मान देणारे थोडे.

त्याच बैठकीत त्या भागातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले गेले, २२ आणि १०० मायक्रोफॅरॅडचे, १०५ अंशांपर्यंत टिकणारे. चाळीस वर्षांत ते आतून सुकतात, बाहेरून मात्र ठणठणीत दिसतात. १२ आणि उणे ५ वर लहर राहिली, म्हणजे व्होल्ट थरथरत राहिले, की मशीन दहा मिनिटं चालून अडकतं आणि दोष उगाच प्रोसेसरवर जातो. शेवटी रिकाम्या जागांवर मीटर: अधिक १२, उणे ५, अधिक ५, तिन्ही दहा टक्क्यांच्या आत. त्यानंतरच चिप बसली.

चिप काढण्याबद्दलही लिहायला हवं. या बोर्डचे ट्रॅक बारीक आहेत. पूर्ण आयसी गरम करून उपसली तर पॅड सोबत येतात. मेलेली चिप वाचवायची नसते, म्हणून तिचे सोळा पाय अंगाशी कातरून घ्यायचे, प्रत्येक जोडावर आधी थोडं ताजं ६०/४० कथील-शिशाचं सोल्डर द्यायचं, मग एकेक पाय चिमट्यानं काढायचा आणि भोक पंपानं मोकळं करायचं. त्या जागी गोल पिनांचं १६ पायांचं सॉकेट. सोळाच्या सोळा रॅम सरसकट काढायची जी पद्धत हल्ली दिसते ती आम्हाला मान्य नाही. त्यात चांगल्या चिपा तर जातातच, बोर्डही जातो.

कुठली चिप ते पडदाच सांगतो. आठ चिपांपैकी प्रत्येकीकडं बाइटच्या आठ बिटांपैकी एक बिट असतो: आयसी ६ कडं बिट ०, आयसी १३ कडं बिट ७. प्रत्येक अक्षराच्या चौकटीत एकाच जागी उभी रेघ अडकलेली दिसली तर ती त्या बिटाची चिप. बिट ७ अडकून १ राहिला तर अख्खा पडदा लुकलुकतो, कारण रंगाच्या बाइटमध्ये तो बिट फ्लॅशचा आहे. खालची रॅम इतकी बिघडली असेल की बेसिक येतच नाही, तर मागच्या कनेक्टरला डायग्नॉस्टिक रॉम, म्हणजे तपासणीचा प्रोग्रॅम असलेली चिप, लावावं. ते रॅमशिवाय चालतं आणि नापास बिट दाखवतं.

वरच्या ३२ केबीचा प्रकार वेगळा आणि सोपा. आयसी १५ ते २२ या ६४ केबिटच्या अर्ध्याच चांगल्या निघालेल्या चिपा, ४५३२ म्हणून विकलेल्या. त्यातला वरचा अर्धा चांगला की खालचा, हे बोर्डवरच्या लिंकनं (जोडतारेनं) ठरतं. जागी पूर्ण ४१६४ लावली तर ती दोन्हीकडं चालते. तपासणी एका ओळीची: प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. उत्तर ६५५३५ आलं तर ४८ केबी पूर्ण. ३२७६७ आलं तर मशीन स्वतःला १६ केबीचं समजतंय. मधला आकडा आला तर रॅमची चाचणी तिथंच अडली.

कीबोर्डचं काम तुम्ही लवकर उरकलंत, पण तिथंच सर्वांत जास्त मशिनं मोडतात. कळांखालच्या मेम्ब्रेनच्या (प्लास्टिकच्या पातळ थराच्या) दोन पट्ट्या बोर्डात जातात, एक ५ तारांची आणि एक ८ तारांची. प्लास्टिक सुकून त्या काचेसारख्या झालेल्या असतात. झाकण झटक्यात उचललं की तुटतात. म्हणून झाकण थोडंसं तिरकं करून, पट्ट्या कनेक्टरपाशी धरून सरळ वर ओढायच्या. तार कुठली तुटली ते कळांवरूनच समजतं. ८ वालीतली एक गेली तर शेजारच्या पाच कळा मरतात, उदाहरणार्थ क्यू ते टी. ५ वालीतली गेली तर आठ कळा एकदम, म्हणजे १, क्यू, ए, कॅप्स शिफ्ट, आणि दुसऱ्या टोकाला ०, पी, एंटर, स्पेस. चीर टोकाशीच असेल तर काही मिलिमीटर कातरून चालून जातं. नाहीतर मेम्ब्रेन अजूनही नवी बनते, तीच घालावी. चिकटपट्टी लावून वेळ मारण्यात हशील नाही.

टीव्हीचंही तुम्ही विचारून केलंत, हे आम्हाला फार मोलाचं वाटलं. मूळ मॉड्युलेटर, म्हणजे टीव्हीच्या अँटेनासाठी सिग्नल बनवणारा डबा, यूएचएफच्या ३६ नंबरवर चित्र देतो. तुम्ही त्याच्या डब्याला जाणारी ५ व्होल्टची आणि व्हिडिओची तार सोडवलीत, आतला रेझिस्टर सॉकेटच्या मधल्या पिनेपासून मोकळा केलात, आणि व्हिडिओ १०० मायक्रोफॅरॅडच्या कपॅसिटरमधून त्या पिनेला दिलात, कपॅसिटरचं अधिक टोक बोर्डकडं. काहीही कापलेलं नाही, कधीही पूर्ववत होईल. आपल्याकडचे टीव्ही पाल या रंगपद्धतीचे असल्यानं पिवळ्या सॉकेटात रंग थेट येतो.

कॅसेटवरून प्रोग्रॅम घेणाऱ्या टेपसाठी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसणं आणि हेडशेजारचा अझिमथचा (हेडच्या कलाचा) स्क्रू आवाज सर्वांत तीक्ष्ण होईपर्यंत फिरवणं, एवढं पुरतं. कड लाल-निळसर झाली म्हणजे पायलट टोन (सुरुवातीचा एकसुरी आवाज) पकडला, निळी-पिवळी झाली म्हणजे डेटा येतोय. मोबाईलवरून लोड करायचं तर आवाज जवळपास पूर्ण आणि इक्वलायझर बंद.

आपल्याकडच्या पावसाबद्दल तुम्ही बजावलंत तेही इथं लिहून ठेवतो. जून ते सप्टेंबर मशीन बंद पिशवीत नुसतं ठेवू नये. सोबत सिलिका जेल हवं, आणि ते रंग बदललं की तव्यावर सुकवून परत घालावं. महिन्यातून एकदा तासभर चालू करावं, म्हणजे कपॅसिटरही जागे राहतात. कॅसेटींवर पांढरी बुरशी धरते, त्या वर्षातून एकदा पुढं-मागं फिरवाव्यात. आणि २०१९ व २०२१ चा पूर पाहिलेल्या व्हीनस कॉर्नरच्या बाजूच्या मंडळींना हे सांगायला नकोच: सामान पोटमाळ्यावर, जमिनीवर नाही.

या पत्रासोबत तुमच्यासाठी तपासून घेतलेल्या ४११६ ची एक नळी, झेडटीएक्स ६५० चं पाकीट आणि तुम्ही पेन्सिलनं काढलेल्या कॉइलच्या आकृतीची स्वच्छ प्रत पाठवत आहोत. मूळ कागद मशिनाच्या खोक्यातच राहू दिला आहे, पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याला तो लागेल. चिपा दुसऱ्या कुणाच्या मशिनाला लागल्या तर खुशाल वापरा, संपल्या की कळवा.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपले,
कोल्हापूरचे स्पेक्ट्रमवाले