फळा, पानिपत आणि पाण्याची वेळ

नौपाडा, ठाणे
२० एप्रिल २०२६

प्रिय बाळ्या,

स.न.वि.वि. लिहिणार होतो, पण तुला कसली डोंबलाची विनंती! परवा फोनवर विचारलंस, "रिटायर होऊन दिवसभर करतोस तरी काय?" फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून कागद घेतला. मी फळा लिहितो.

आमच्या फाटकाशी वॉचमनच्या खोलीला लागून तो काळा फळा आहे बघ. मागच्या वेळी स्कूटर लावताना तू त्यालाच धडकला होतास. त्यावर वर्षानुवर्षं दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर दिनविशेष लिहायचे. २०२४च्या जानेवारीत त्यांचे गुडघे बसले आणि त्यांनी खडूचा खोका, एक फडकं आणि शंभरपानी वही माझ्या हवाली केली. नियम एकच सांगितला: "तीन ओळींच्या वर जायचं नाही, आणि तिसरी ओळ पाण्याची." लोक आधी तिसरी ओळ वाचतात. मग वेळ उरला तर इतिहास.

सकाळी सहाला फडकं पिळून फळा पुसायचा. तो वाळायच्या आत लिहायचं नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ओल्या फळ्यावर खडू नुसता घसरतो, लिहिलेलं धड दिसत नाही. आपण वैतागून वर चहाला जावं, आणि खाली येईपर्यंत फळा वाळून अक्षरं पांढरीफटक उठलेली. चुकांसकट.

पहिल्याच महिन्यात मला वाटलं, बरं निरुपद्रवी काम मिळालं. तारखा काय, सगळ्या कॅलेंडरात असतातच. आपण फक्त उतरवायच्या. कसलं काय! मग २९ फेब्रुवारी उगवला. मी लिहिलं, "१८९६: मोरारजी देसाई यांचा जन्म." खाली माझी अक्कल: "९९ वर्षांच्या आयुष्यात वाढदिवस फक्त २३." (१९०० साल लीप नव्हतं. शंभरने भाग जातो पण चारशेने जात नाही, अशी साल वगळतात. नाहीतर २४ झाले असते.) तळमजल्यावरच्या आजी मूळच्या गिरगावच्या, संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनावर गोळीबार झाला तेव्हा, मोरारजी मुख्यमंत्री असताना, परकरातल्या. त्यांनी चष्मा पुढे-मागे करत वाचलं आणि म्हणाल्या, "दरवर्षी येत नव्हता तेच बरं. आमच्यावर गोळ्या घालायला बाकीचे दिवस होतेच की त्याला." काठी टेकत देवळात निघून गेल्या. सत्तर वर्षं होत आली, बाळ्या, आणि बाईंच्या आवाजात मागच्या आठवड्यातलं भांडण होतं.

१ एप्रिलला उलटं झालं. "१९३५: रिझर्व्ह बँकेचं कामकाज सुरू" असं लिहिलं, तर तिघांनी येऊन विचारलं, "काय राव, एप्रिल फूल का?" खरी गोष्ट खोटी वाटायला एक तारीख पुरते.

सगळ्यात जास्त वाद कुठल्या दिवशी होतो, सांग? शिवजयंतीला. १९ फेब्रुवारीला लिहिलं की 'बी' विंगमधले तिथीवाले येतात, "अजून वेळ आहे हो." फाल्गुन वद्य तृतीयेला लिहिलं की तारीखवाले येतात, "झाली की मागेच!" मी आता दोन्ही दिवशी लिहितो. महाराजांची जयंती दोनदा साजरी झाली तर बिघडलं काय? पण दोन्ही गटांना मी दुसऱ्या गटाचा वाटतो.

नोव्हेंबरात तर मी जाणूनबुजून विस्तवात हात घातला. "२३ नोव्हेंबर २०१९: पहाटेचा शपथविधी. सरकार टिकले सुमारे ८० तास." यात माझा एक शब्द नाही. विशेषणसुद्धा नाही. तरी संध्याकाळपर्यंत दोन परस्परविरोधी पक्षांचे दोन सभासद येऊन गेले आणि दोघांनाही वाटलं की मी त्यांचीच खोडी काढली. सेक्रेटरींनी फर्मान काढलं, "फळ्यावर राजकारण नको." मी म्हटलं ठीक, मग जुनं लिहितो. दोन दिवसांनी लिहिलं, "२५ नोव्हेंबर १९६३: कन्नमवारांच्या निधनानंतर पी. के. सावंत मुख्यमंत्री, दहा दिवसांपुरते." यावर मात्र सगळे खूश. शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या पोरांना मी विचारलं, "या दहा दिवसवाल्यांच्या नंतर कोण आलं?" उत्तर वसंतराव नाईक, अकरा वर्षांवर. एका पोराने विचारलं, "मग सावंतांनी खुर्ची गरम करून ठेवली का?" या पोराला राजकारणात भवितव्य आहे.

आता खरी गंमत ऐक. जानेवारीत आमच्या महापालिकेची निवडणूक झाली, हे तुला ठाऊक आहे. आधीची २०१७ची. मुदत २०२२च्या मार्चात संपली, आणि पुढे जवळजवळ चार वर्षं प्रशासकाचा कारभार. मधल्या काळात बागेतल्या बाकांवरची 'यांच्या सौजन्याने' अक्षरं उन्हाने पुसट झाली होती, ती आचारसंहितेत कागद चिकटवून पुन्हा झाकली. नाव वाचता येत नव्हतं, तरी झाकलं. १५ जानेवारीला मतदान. आदल्या दिवशी १४ जानेवारी. मी सकाळी झोपेतच वहीतून उतरवलं, "१७६१: पानिपतचे तिसरे युद्ध."

नऊच्या सुमारास बेल वाजली. दारात एक कार्यकर्ता, हातात तिळगुळाची पिशवी. चेहरा मात्र तिळगुळाचा नव्हता. "काका, उद्या मतदान आणि तुम्ही आज पानिपत लिहिता? आमचं मनोधैर्य खच्ची करायला?" मी म्हटलं, अहो, ही तारीख माझी नाही, अब्दालीची आहे. ते पटलं नाही. तासाभरात समोरच्या पक्षाचा माणूस तीच तक्रार घेऊन हजर, आणि दुपारी तिसऱ्याचा फोन. तिघंही समजत होते की पानिपत त्यांचंच होणार, आणि ते मला आधी कळलंय.

मग मास्तरांना विचारायला गेलो. त्यांनी पाय पाटावर ठेवून तेल चोळत सांगितलं, "पराभवाने संपवू नकोस. पुढचं लिही." मला पटलं. खाली आलो आणि पानिपतखाली जोडलं, "दहाच वर्षांत, १७७१ मध्ये, महादजी शिंद्यांनी दिल्ली घेतली."

अरे बाळ्या, ठाण्यात, मतदानाच्या आदल्या दिवशी, फळ्यावर 'शिंदे' आणि 'दिल्ली घेतली'! लिहून होईपर्यंत माझ्या डोक्यात आलं नाही, हे देवाशपथ सांगतो. पाच मिनिटांत फाटकापाशी सात-आठ माणसं. एकजण फोटो काढतोय, दुसरा "जाहिरातीचे किती मिळाले?" विचारतोय, आणि सकाळचा तो तिळगूळवाला आता एकदम प्रसन्न होऊन माझ्याशी हात मिळवतोय. सेक्रेटरी धावत आले. मी फडकं मारलं आणि लिहिलं, "आज मकरसंक्रांत. पाणी सकाळी ६ ते ८." गर्दी क्षणात पांगली. पाण्यावर मात्र सर्वपक्षीय एकमत.

सप्टेंबरात आपल्या गावाची एक गोष्ट लिहिली होती, तेव्हा कुणाचीच तक्रार नव्हती. १२ सप्टेंबर १८१६, त्रिंबकजी डेंगळे, पेशव्यांचे कारभारी आणि इंग्रजांचे कैदी, ठाण्याच्या किल्ल्यातून निसटले. तोच किल्ला, जिथे आज आपलं मध्यवर्ती कारागृह आहे. पहाऱ्यावर गोरे सोजीर. घोड्यांचा मोतद्दार खाली खरारा करताना रोज गाणं म्हणायचा, आणि त्या गाण्यातच पळायचा बेत सांगितलेला. सोजिरांना मराठी ओ की ठो कळेना! मराठी न शिकल्याची एवढी मोठी किंमत त्यानंतर कुणी मोजली नसेल. सेक्रेटरीसुद्धा हसले, आणि 'राजकारण नको' हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही. पेशव्यांचा कारभारी तुरुंगातून पळाला, हे जर राजकारण नाही तर काय आहे? पण दोनशे वर्षं झाली की राजकारणाची गोष्ट होते. गिरगावच्या आजींचं अजून सत्तरच झालंय.

गेल्या गुरुवारी १६ एप्रिल. आपला हक्काचा दिवस, म्हणून रंगीत खडू वापरले. "१८५३: बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी आगगाडी. ३४ किलोमीटर, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, दुपारी ३:३५ ला प्रस्थान, २१ तोफांची सलामी." इंजिनं तीन होती, साहिब, सिंध आणि सुलतान, पण तीन ओळींत बसेनात. तिसऱ्या मजल्यावरचा जोशांचा मुलगा घामाघूम होऊन स्टेशनवरून परतला होता. कुठेतरी सिग्नल बिघडलेला. तो वाचून म्हणाला, "काका, ४०० माणसं १४ डब्यांत? म्हणजे सगळ्यांना बसायला मिळालं?" आणि फळ्याकडे असा बघत राहिला, जसं आपण लहानपणी मिठाईच्या काचेकडे बघायचो.

काल १९ तारीख. १९१०, अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे, नाशिकचा कलेक्टर जॅक्सनच्या वधाबद्दल ठाण्याच्या तुरुंगात फाशी. कान्हेरे अठरा वर्षांचा. या दिवशी माझी अक्कल लिहीत नाही. आजी उभ्या राहिल्या, चप्पल काढली, पुन्हा घातली आणि गेल्या. तिसरी ओळ काल कुणी वाचली नसावी, कारण दुपारी दोघांनी पाण्याचं विचारलं.

तू मे महिन्यात येणार म्हणतोस, तर मामलेदारची मिसळ मी देईन. फक्त 'मध्यम तिखट' मागून तलावपाळीपर्यंत हाय-हुय करत गेलास, ते या वेळी नको. आणि तुझ्या कोल्हापूरची एखादी तारीख घेऊन ये, वहीत जागा आहे.

एक सल्ला मात्र उलट टपाली, नाहीतर फोनवर दे. उद्या २१ एप्रिल. वही उघडून बघितलं तर, १५२६, पानिपतचे पहिले युद्ध, बाबर आणि इब्राहिम लोदी. बरोब्बर ५०० वर्षं. अशी तारीख सोडवत नाही रे. पण येत्या रविवारी आमच्या सोसायटीच्या कमिटीची निवडणूक आहे, सेक्रेटरी पुन्हा उभे आहेत, आणि खडूचा खोका त्यांच्याच कपाटात असतो.

तुझा,
फळेवाला