‘रेय्स’ विकत घेताना

मा. संपादक,

जुने पोलिश विनोदी चित्रपट जमवणाऱ्यांनी मारेक पिव्होव्स्की यांचा ‘रेय्स’ (१९७०) जरूर शोधावा. विस्तुला नदीवरच्या सहलीच्या बोटीत एक जण तिकिटाशिवाय शिरतो, त्याला सांस्कृतिक कार्यक्रमांचा संयोजक समजलं जातं, आणि मग बैठका, सूचना, टाळ्या यांना ऊत येतो. कम्युनिस्ट राजवटीतली सभाबाजी इतकी नेमकी क्वचितच कुणी पकडली असेल. बरेच कलाकार हौशी. यान हिमिल्सबाख तर पाथरवट. अशा हौशी मंडळींचं अडखळत बोलणं हाच चित्रपटाचा प्राण. म्हणून इंग्रजी सबटायटल्स आहेत ना, हे आधी विचारावं. त्यांविना पोलिश न येणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

मूळ लांबी सुमारे ६५ मिनिटं. पाल (युरोपातली, आपल्याकडचीही टीव्ही-चित्रणाची पद्धत) डीव्हीडीवर सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी (फ्रेम) धावतात, त्यामुळे ६२-६३ मिनिटं भरली तर प्रत कापलेली आहे असं समजू नये. डीव्हीडी जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल, हे तिचा ‘रिजन’ क्रमांक ठरवतो. पोलंडची डीव्हीडी बहुधा रिजन २ ची, आपले प्लेअर रिजन ५ चे. म्हणून सगळे रिजन चालवणारा मल्टिरिजन प्लेअर लागतो.

चित्रपटाचं जुनं पोस्टरही घ्यायचं असेल, तर त्या काळच्या पोलिश पोस्टरच्या कडेला बहुधा छापखान्याची बारीक ओळ असते. कडा छाटलेली असेल तर ती जाते, आणि अस्सलपणाचा एक महत्त्वाचा पुरावाही.

– एक चित्रपट-संग्राहक