रस्ता, ट्रॅक आणि ब्रेक पॅड : मित्रास पत्र

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. नव्या स्पोर्ट्स कारचे वर्णन तू दोन पाने भरून केलेस आणि खरा प्रश्न शेवटच्या ओळीत कोंबलास : रोज रस्त्यावर आणि महिन्यातून एखाद्या दिवशी शर्यतीच्या ट्रॅकवर, अशा दोन्ही ठिकाणी चालतील असे ब्रेक पॅड कोणते? असा पॅड नाही, एवढे लिहून पाकीट बंद करता आले असते. पण तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, कारण सांगितल्याशिवाय तू ऐकणार नाहीस. शिवाय या बाबतीत मी दोन्ही बाजूंनी चुकलेला माणूस आहे आणि त्या दोन चुकांतूनच तुझे उत्तर नीट समजेल असे मला वाटते.

पहिल्यांदा ट्रॅकवर गेलो तेव्हा गाडीला कारखान्यातून आलेलेच पॅड होते. सुरुवातीच्या फेऱ्यांत ब्रेक इतके सुरेख लागत होते की दर फेरीला मी ब्रेक मारण्याची जागा थोडी थोडी पुढे ढकलत गेलो. पाचव्या फेरीत सरळ पट्ट्याच्या शेवटी पेडल दाबले, तर ते नेहमीच्याच उंचीवर, नेहमीसारखेच घट्ट लागले, आणि गाडी मात्र वेग सोडायला तयार नव्हती. होता नव्हता तो सगळा जोर लावूनही वळण हुकले आणि मी खडीत जाऊन थांबलो. गाडीला काही झाले नाही. जळक्या राळेचा तो वास मात्र पुढे कित्येक दिवस नाकातून गेला नाही. पेडल घट्ट लागते म्हणजे ब्रेक शाबूत आहेत, ही माझी समजूत त्या दिवशी संपली.

असे का झाले, ते हिशेब मांडला की कळते. तुझी गाडी तुझ्यासकट साधारण १४०० किलोची धरू. शहरातल्या ६० किलोमीटरच्या वेगावरून ती पूर्ण थांबवताना सुमारे २ लाख जूल ऊर्जेची उष्णता होते. तीच गाडी ट्रॅकवर २०० वरून ८० पर्यंत आणताना हा आकडा सुमारे १८ लाख जूलवर जातो, म्हणजे नऊपट. एवढ्या उष्णतेत पाच लिटरहून अधिक पाणी नळाच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येईल. हे सगळे साडेतीन सेकंदांच्या आसपास घडते. तेवढ्या वेळात सरासरी पाचशे किलोवॅटहून अधिक शक्ती जिरवावी लागते, जी तुझ्या इंजिनाच्या शक्तीपेक्षा कितीतरी जास्त आहे. हवेचा विरोध यातला काही भाग उचलतो, पण उरलेले बहुतेक सारे चार डिस्कवर (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकत्या; पॅड त्यांनाच दाबून धरतात), आणि त्यातही मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर येतो. रस्त्यावर असा ब्रेक वर्षातून एकदा लागला तर लागला. ट्रॅकवर तो दर फेरीला चार-पाच वेळा लागतो आणि मधल्या वेळात डिस्कला थंड व्हायला पुरेशी सवड मिळत नाही.

आता पॅडकडे येतो. पॅडमधली सगळी द्रव्ये, म्हणजे तंतू, धातूचा चुरा, ग्रॅफाइट आणि घर्षण वाढवणारे कण, एका राळेने एकत्र बांधलेली असतात. रस्त्यावरचा पॅड अगदी थंड असतानाही लगेच पकडतो, आवाज करत नाही आणि डिस्कला सांभाळून घेतो. त्याची राळ आणि घटक त्याच हेतूने निवडलेले असतात. ढोबळमानाने ३५०-४०० अंश सेल्सिअसच्या पुढे मात्र ती राळ विघटित होऊ लागते, तिच्यातून वायू बाहेर पडतो आणि घर्षण घसरते. माझ्या बाबतीत नेमके हेच झाले. ट्रॅकचा पॅड सातशे अंशांच्या आसपासही टिकतो, कारण त्याची घडणच त्यासाठी केलेली असते; त्या बदल्यात शे-दीडशे अंशांच्या खाली तो अर्धवट झोपेत असतो. तेव्हा पॅड निवडताना तू प्रत्यक्षात तापमानाचा एक पट्टा निवडत असतोस, आणि तुझ्या दोन गरजांचे पट्टे एकमेकांवर फारसे बसत नाहीत.

माझी दुसरी चूक याच झोपेची. खडीतून धडा घेऊन मी शुद्ध ट्रॅकचे पॅड बसवले आणि कंटाळा करून तेच रोज वापरू लागलो. आवाजाचे सांगतच नाही. सिग्नलपाशी गाडी थांबताना शेजारचे लोक वळून पाहत. काळी धूळ रिमवर बसे, आणि त्या धुळीतले लोखंडी कण ओलीत गंजून रंगात असे रुतून बसले की ते शेवटपर्यंत निघाले नाहीत. हेही मी चालवून घेतले असते. पण एका पावसाळी सकाळी, घरातून निघून पाच मिनिटेही झाली नसतील तेव्हा, एक माणूस अचानक रस्ता ओलांडायला उतरला. मी पेडल दाबले आणि पहिला क्षणभर लाकडावर पाय ठेवल्यासारखे वाटले. गाडी थांबली, तो माणूस वाचला, पण आमच्यात उरलेले अंतर मी आजही आठवू इच्छित नाही. ट्रॅकवर पॅड कमी पडला तर पुढे बहुधा खडी असते. रस्त्यावर पुढे माणूस असतो. म्हणून रस्त्याच्या पॅडचा विचार करताना मी आता एकच गोष्ट पाहतो : थंड, ओल्या डिस्कवरचा पहिला ब्रेक.

घर्षणांकाच्या, म्हणजे पॅडची पकड सांगणाऱ्या आकड्याच्या, मागे लागू नकोस, हेही सांगून ठेवतो, कारण तुझ्या पत्रात दोनदा तो शब्द आला आहे. अनेक पॅडच्या कडेवर दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. पहिले साधारण तापमानाच्या घर्षणाचे आणि दुसरे तापलेल्या अवस्थेतले. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. पण ही अक्षरे प्रयोगशाळेत छोट्या तुकड्यावर घेतलेल्या चाचणीतून येतात. ट्रॅकवरच्या सहाशे अंशांत तो पॅड काय करील, याचा अंदाज त्यांवरून बांधता येत नाही. आणि घर्षणांक जास्त म्हणजे गाडी कमी अंतरात थांबते, असेही नाही. गाडी अखेर टायर थांबवतात. एबीएस (चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) चालू होईल इतकी पकड पॅड देत असेल, तर त्याहून जास्त घर्षणाने फक्त पायाचा जोर वाचतो. पेडल दाबताच दात रोवल्यासारखा धरणारा पॅड पहिल्या दिवशी फार आवडतो. वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडायची वेळ आली की तोच त्रासदायक ठरतो. पायाच्या दाबाप्रमाणे वाढणारा आणि सोडताच सुटणारा पॅड मला अधिक प्रिय आहे.

पॅड मागवण्याआधी मात्र ब्रेक ऑइल, म्हणजे पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणारा द्रव, बदल. आपण ऑइल म्हणतो खरे, पण ते तेल नसते. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ या दर्जांची ऑइल ही ग्लायकॉल वर्गातली द्रावणे आहेत आणि ती हवेतला ओलावा शोषत राहतात. डॉट ४ चा उत्कलनबिंदू ताजेपणी किमान २३० अंश असावा लागतो. पाणी मुरल्यावर मोजला जाणारा किमान आकडा अवघा १५५ आहे. डॉट ५.१ साठी हे आकडे २६० आणि १८० आहेत. शर्यतीसाठीची काही ऑइल ताजेपणी तीनशेच्या वर जातात, पण ती वरचेवर बदलावी लागतात. नुसते डॉट ५ हे सिलिकॉनचे असते. नावातल्या साम्याने फसून ते भरू नकोस. पॅड उत्तम आणि ऑइल जुने असेल, तर ऑइल कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीत) उकळते, त्याचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली जाते. ही खूण लक्षात ठेव : पेडल घट्ट आणि गाडी थांबत नाही, तर दोष तापलेल्या पॅडचा, पेडल खाली जाते, तर ऑइलचा किंवा आत शिरलेल्या हवेचा. कित्येक जण दुसरा त्रास होत असताना पहिल्याचा इलाज करतात आणि पॅडवर पैसे घालवतात.

पुढचे आणि मागचे पॅड एकाच प्रकारचे घे. पुढे कडक पॅड आणि मागे कारखान्याचे, असे जोडकाम केल्यास गाडीचा पुढचा-मागचा समतोल बिघडतो, आणि तो किती बिघडेल हे तापमानागणिक बदलत राहते. शिवाय तुझ्या गाडीची स्थिरता राखणारी यंत्रणा वळणात परस्पर एकेक चाक ब्रेकने धरते. ती पूर्ण चालू ठेवून जोरात फेऱ्या मारल्यास मागचे पॅड अनपेक्षितपणे लवकर झिजतात, तेव्हा मागे वाकून पाहायला विसरू नकोस.

नवे पॅड लावले की ते डिस्कवर बसवून घ्यावे लागतात, आणि या कामात घाई करणारे फार. पॅडच्या द्रव्याचा एक पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढला की मगच पॅड आपल्या खऱ्या गुणाने काम करतो. पॅड बनवणाऱ्याने दिलेली पद्धत आधी वाच. ती नसेल, तर मोकळ्या ठिकाणी १०० वरून ३० च्या आसपास आठ-दहा वेळा, दाब वाढवत वाढवत, पूर्ण न थांबता ब्रेक मार आणि नंतर ब्रेक न वापरता गाडी चालवून सगळे थंड होऊ दे. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभा राहिलास तर तेवढ्याच जागी जाड डाग बसतो, आणि पुढे ब्रेक मारताना स्टीअरिंग थरथरते. लोक म्हणतात डिस्क वाकडी झाली. बहुतेक वेळा ती सरळच असते, थर असमान झालेला असतो. याच कारणाने ट्रॅकवरून आल्यावर हॅंडब्रेक ओढायचा नाही, गाडी गिअरमध्ये ठेवायची.

तर माझे मत असे की दोन संच ठेव. रस्त्यासाठी कारखान्याचे किंवा त्याच दर्जाचे, आणि ट्रॅकसाठी वेगळे. पॅड बदलायला सराव झाला की चारही चाकांना तास-दीड तास पुरतो. दोन्ही संच एकाच कंपनीच्या, एकमेकांशी जुळणाऱ्या मिश्रणांचे असतील तर डिस्कवरचा थर बदलताना त्रास कमी होतो. तरी दर बदलानंतर पॅड पुन्हा बसवून घ्यायचेच. ट्रॅकचे पॅड जुन्या झिजलेल्या डिस्कवर आजमावू नकोस.

पहिले वर्षभर मात्र तुझा वेग बेताचाच राहील (रागावू नकोस), आणि तेवढ्यापुरता मधला मार्ग चालेल. फेरोडोचा डीएस २५०० यासारखे पॅड जोरकस रस्ता आणि हलका ट्रॅक यांसाठीच बनवलेले असतात. थंडपणी ते पकडतात, थोडे कुरकुरतात आणि छोट्या सत्रांत टिकतात. चार-पाच फेऱ्या जोरात, मग एक फेरी ब्रेकला हात न लावल्यासारखी, असा क्रम ठेवलास तर त्यांच्यावरच बरेच शिकता येईल. तुझा वेग वाढला की ते कमी पडतील, तेव्हा दुसरा संच आण.

तो क्षण ओळखायला अंदाजापेक्षा रंग बरा. डिस्कच्या कडेवर लावायचे उष्णतादर्शक रंग मिळतात. हिरवा साधारण ४३० अंशांना, नारिंगी ५६० ला आणि लाल ६१० ला पांढरा पडतो. दिवसाअखेर फक्त हिरवा गेला असेल तर मधला पॅड पुरे आहे, लालही गेला असेल तर तो पॅड काढ. पॅडचे द्रव्य निम्म्यावर आले की ट्रॅकसाठी तो संपला असे मान, कारण पातळ पॅडमधून उष्णता सरळ कॅलिपरच्या पिस्टनवर आणि तिथून ऑइलवर जाते.

आणखी दोन गोष्टी आधी तपासून घे. तुझ्या डिस्क बिडाच्या आहेत की कार्बन-सिरॅमिकच्या? दुसऱ्या असतील तर वरचे बरेचसे बाजूला ठेव, त्यांना त्यांचेच पॅड लागतात. आणि ट्रॅकच्या पुष्कळ पॅडना रस्त्यावर वापरण्याची मान्यता नसते. युरोपात बदली पॅडसाठी आर ९० हा नियम आहे, तसा तुझ्याकडे जो असेल तो पाहा.

डिस्कचा व्यास, पॅडची सध्याची जाडी आणि ऑइल शेवटचे कधी बदलले, हे उलट टपाली कळव. पहिल्या ट्रॅकच्या दिवसानंतर कोणता रंग पांढरा पडला, तेही लिही. मग पुढचा संच आपण मिळून ठरवू.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

तुझाच,
खडीत गेलेला मित्र