डोळे मिटण्याबद्दल तू विचारलंस म्हणून

लोद, इस्रायल
एलुल महिना

प्रिय सुधाकर,

शालोम आणि नमस्कार.

इगतपुरीला विपश्यनेसाठी दहा दिवस मौन पाळून आलास हे वाचून आमच्या घरात सगळे हसले. तू आणि गप्प! पण पत्राच्या शेवटी तू जे लिहिलंस ते मनात राहिलं. ‘तुमच्यात नेम फार, उपास फार, हे चालतं आणि ते चालत नाही फार, पण शांत बसून मनात उतरणं काही तुमच्या आळीत कधी दिसलं नाही रे. डोळे मिटून बसता तरी कधी?’ अलिबागच्या इस्रायल आळीत, आम्हा यहुद्यांच्या वस्तीत, अर्धं लहानपण काढलेल्या माणसाने हे म्हणावं!

रागावलो नाही. ही तक्रार नऊशेहून जास्त वर्षं जुनी आहे आणि आमच्याच माणसाने केलेली आहे. अकराव्या शतकात स्पेनमध्ये बाह्या इब्न पाकुदा नावाचा एक यहुदी न्यायाधीश होता. त्याने अरबीत ‘हृदयाची कर्तव्ये’ हा ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं असं, की हातापायांनी काय करावं यावर पंडितांनी ढीगभर लिहून ठेवलंय, पण मनाने काय करावं याकडे कोणी वळलंच नाही. ग्रंथाचे दहा भाग आहेत, त्यांना तो दारं म्हणतो. आठवं दार स्वतःचा हिशेब मांडण्याचं. माणसाने कशाकशाबद्दल स्वतःला जाब विचारावा याची तीस कलमं तिथे दिली आहेत.

सध्या आमच्याकडे एलुल चालू आहे, नव्या वर्षाच्या आधीचा महिना, म्हणून हे सगळं हाताशी आहे. या महिन्यात हिशेब मांडायचा आणि पुढे योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, तो पुढ्यात ठेवायचा. आमची आजी त्याला दारफाळणीचा सण म्हणायची, आठवतं? पांढरे कपडे, दिवसभर अन्नपाणी नाही, दार लावलेलं. तू बाहेरून हाका मारायचास आणि आतून कोणी ओ देत नसे. तुला वाटायचं आम्ही रुसलोय.

आता डोळे मिटण्याचं. सकाळ-संध्याकाळ शेमा ही आमची मुख्य प्रार्थना म्हणताना उजवा हात डोळ्यांवर जातो. ‘ऐक इस्राएला, परमेश्वर आमचा देव, परमेश्वर एकच.’ हिब्रूत सहा शब्द. कोकणात आमच्या पूर्वजांकडे पोथ्या राहिल्या नव्हत्या, बाकीच्या प्रार्थना विसरल्या होत्या, तरी एवढं टिकलं. सुंता असो, लग्न असो की मयत, तेच म्हणत. घाईत दोन श्वासांत उरकतं. पण मैमोनिदेस म्हणतो की खरी मेहनत इथूनच सुरू करा. हा माणूस 1138 साली कोर्दोबात जन्मला आणि पुढे इजिप्तमध्ये सुलतानाच्या दरबारी वैद्य झाला. ‘संभ्रमितांचा मार्गदर्शक’ या त्याच्या ग्रंथात शेवटाकडे एक प्रकरण आहे, त्यात तो शिस्त सांगतो: शेमा म्हणताना मनातलं बाकी सगळं बाजूला सारा, नुसतं पहिल्या वाक्यापुरतं नव्हे. तेवढं जमेपर्यंत वर्षं जाऊ द्या, मग धर्मग्रंथ वाचताना-ऐकतानाही तेच करा. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बाजारहाट, पैसाअडका, घरची कामं यांचा विचार करायलाही तो वेळ नेमून देतो. जेवताना करा, अंघोळ करताना करा, बायको-मुलांशी बोलताना करा. एकांत मिळाला, रात्री अंथरुणावर जाग आली, की तो वेळ मात्र त्यात घालवू नका. संसार टाकायला सांगत नाही, फक्त त्याची जागा ठरवतो. स्वतः तो रोज कैरोला दरबारात जायचा आणि दुपारनंतर उपाशीपोटी फुस्तातला परतायचा, तेव्हा घरात रोगी वाट पाहत बसलेले असायचे. हे त्याने स्वतःच एका पत्रात लिहून ठेवलंय. त्यामुळे त्याचं म्हणणं मी जरा जास्त ऐकतो.

त्याच्याही कितीतरी आधी मिश्ना या आमच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात आलंय, की पूर्वीचे भक्त प्रार्थनेआधी एक तास थांबत, मन स्थिर व्हावं म्हणून. त्यावरच्या चर्चेचा ग्रंथ, तालमूद, पुढे हिशेब करतं: आधी एक तास, प्रार्थनेला एक, नंतर एक, आणि हे दिवसातून तीनदा. म्हणजे नऊ तास गेले. मग पोटापाण्याचं काय, अभ्यासाचं काय? उत्तर असं, की ते भक्त होते म्हणून त्यांचा अभ्यास टिकला आणि कामाला बरकत आली. मला हे उत्तर अजिबात पटत नाही, पण प्रश्न विचारायची हिंमत आवडते.

मला खरं वेड लावलं ते खबाद या हसिदी, म्हणजे भक्तिमार्गी, पंथाच्या लोकांनी. त्यांची लांब दाढी आणि काळी टोपी तू मुंबईतही पाहिली असशील. या पंथाचा मूळपुरुष श्न्योर झल्मान, हल्लीच्या बेलारूसमधल्या ल्यादी गावचा रब्बी, म्हणजे धर्मगुरू. त्याचा ‘तन्या’ हा ग्रंथ 1796 साली छापला गेला. हसिदी म्हटलं की नाचणं, गाणं, भावनेचा पूर, अशी आपली समजूत असते. हा गृहस्थ त्याच परंपरेतला, पण म्हणतो, भावना थेट मागू नका, मागून येत नाही. आधी बुद्धीने एक कल्पना धरा, उदाहरणार्थ सगळं जग क्षणोक्षणी परमेश्वराच्या शब्दाने नव्याने उभं राहतंय. ती सगळ्या बाजूंनी उलगडा आणि तिच्याशी मन बांधून ठेवा, सोडू नका. बुद्धी पुरेशी थांबली की तिच्यातून प्रेम आणि धाक जन्म घेतात. आणि नाही जन्मले तरी, मन हृदयावर राज्य करू शकतं, तेवढं सर्वसामान्य माणसाला पुरे. संत व्हा असं तो म्हणत नाही. त्याचा आदर्श माणूस मधला आहे: आतली ओढाताण कधीच संपत नाही, पण हातून काही वावगं होत नाही. माझ्यासारख्या, जन्मभर लेथवर उभं राहिलेल्या माणसाला हा दिलासा फार मोठा होता.

या रब्बीचा मुलगा डोव्ह बेर याहूनही कडक. 1812 मध्ये नेपोलियनच्या फौजा येत होत्या म्हणून कुटुंब रशियात आत पळालं, त्या वाटेवरच बाप गेला. गादी मुलाकडे आली, तर बापाच्या एका जुन्या शिष्याने, स्त्राशेल्येच्या आहारोनने, वेगळी चूल मांडली. वाद कशावरून, तर प्रार्थनेत भरून येणं कितपत खरं! आहारोन म्हणे, मन पेटू द्या, थोडा गाळ असला तरी चालेल. डोव्ह बेरने या विषयावर आख्खं पुस्तकच लिहिलं. त्यात तो भरून येण्याच्या पायऱ्या लावतो आणि सगळ्यात खाली ठेवतो ते देहाचं उसळणं, जिथे माणूस परमेश्वराच्या नव्हे तर स्वतःच्या भक्तीच्या प्रेमात असतो. त्याच्याबद्दल सांगतात, प्रार्थनेला उभा राहिला की तासन्‌तास हलायचा नाही, नुसता घाम गळायचा. कीर्तनात डोळे पुसणारे आपले काही थोर लोक तुला आठवले का? मला आठवले, आणि त्यांत मीही होतो.

पण याच डोव्ह बेरची एक गोष्ट खबादमध्ये घरोघर सांगतात. तरुणपणी तो बापाच्याच घरात खालच्या मजल्यावर राहायचा. एकदा तो विचारात इतका गढला, की पाळण्यातून पडलेलं त्याचं मूल रडतंय हे त्याला ऐकूच आलं नाही. वरच्या मजल्यावर म्हाताऱ्याला, तोही अभ्यासातच होता, ऐकू आलं. तो खाली उतरला, बाळाला उचलून शांत केलं, पाळण्यात निजवलं, आणि मग डोव्ह बेरला बजावलं: कितीही खोल गेलास तरी लेकराचं रडणं ऐकू आलं पाहिजे. गोष्ट जशी सांगतात तशीच घडली का, मला नाही ठाऊक. पण इतकी वर्षं ती सांगितली जाते, यावरून आमच्याकडे ध्यानाची परीक्षा कशी घेतात ते कळतं.

आता तुझ्या इगतपुरीच्या जवळ येणारा एक माणूस. पियासेच्नोचे रब्बी कालोनिमुस काल्मान शापिरा, पोलंडचे. ते शिष्यांना मन निवण्याची रीत शिकवत: काही वेळ आपल्या विचारांकडे नुसतं पाहत बसा, त्यांचा पूर ओसरतो. इथपर्यंत तुझ्या गुरुजींसारखंच वाटेल. पुढे वेगळं आहे. मन निवलं की त्या जागी एकच मागणं किंवा एकच ओळ ठेवायची, ‘परमेश्वरा, तुझा मार्ग मला शिकव’, आणि ती हलक्या सुरात गुणगुणायची. 1939 च्या सप्टेंबरात त्यांचा मुलगा युद्धात मारला गेला. पुढे वॉर्साच्या घेट्टोत, नाझींनी यहुद्यांना कोंडलेल्या वस्तीत, दर शब्बाथला ते प्रवचन करत राहिले. ती प्रवचनं लिहून जमिनीत पुरून ठेवली. ते स्वतः 1943 मध्ये मारले गेले. कागद युद्धानंतर सापडले. मी ती थोडी थोडी वाचतो. जास्त वाचवत नाही.

ब्रेस्लाव्हचा नाख्मान हा आणखी एक हसिदी रब्बी, त्याच्याबद्दल लिहायचं तर आणखी कागद लागतील. एवढंच सांगतो, तो म्हणे रोज एक तास एकटे व्हा, शक्यतो शेतात जा, आणि परमेश्वराशी आपल्या रोजच्या बोलीत बोला. हिब्रूची गरज नाही. इथे आल्यावर आई शुक्रवारी दिवा लावून झाल्यावर बराच वेळ काय पुटपुटायची ते हे वाचल्यावर मला समजलं. सगळं मराठीत असायचं, आणि त्यात तुझ्या आईच्या गुडघ्यांचाही उल्लेख असे.

तू लिहितोस, की विचार आला की नुसता पाहायचा आणि जाऊ द्यायचा. आमच्याकडे एक विचार निवडून त्याला सोडू नका म्हणतात. शापिरांनी दोन्ही एकामागून एक केलं. मला पहिला भाग कधीच जमला नाही. मी पाहायला गेलो की विचार दुप्पट बोलायला लागतात. तिथे दहा दिवस बसून तुझं काय झालं ते सविस्तर लिही. ‘छान वाटलं’ असं लिहू नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
डॅनियल